ट्यूब ॲम्पला स्पीकर कोणता, किती आणि कसा जोडायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या धरमपेठेतल्या माझ्या खोलीवर गिटारचा ट्यूब (म्हणजे व्हॉल्व्हचा) ॲम्प घेऊन येणारे बहुतेक जण पहिला प्रश्न स्पीकरच्या मॅग्नेटचा विचारतात, भाऊ ॲल्निको घेऊ का सिरॅमिक, आणि ओहमचं (स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं) शेवटी जाता जाता, किंवा विचारतच नाहीत. मला हा क्रम उलटा पाहिजे वाटतो. आधी ओहम, मग वॉट, मग सेन्सिटिव्हिटी, मग पेटी म्हणजे स्पीकरचं कॅबिनेट, आणि हे सगळं ठरलं की मॅग्नेटवर पाहिजे तेवढी चर्चा करा. खाली तेच प्रश्न आहेत जे मला पुन्हा पुन्हा येतात, फोनवर घाईत दिलेली उत्तरं अर्धवट राहतात म्हणून इथे नीट लिहून राहिलो.

स्पीकर न जोडता ॲम्प चालू केला तर खरंच काही होते का?

होते, आणि महागात पडते. ट्यूबला तिच्या प्लेटवर काही हजार ओहमचा भार लागतो आणि स्पीकर असतो ८ ओहमचा, या दोघांची गाठ आउटपुट ट्रान्सफॉर्मर घालून देतो. फेंडर कंपनीच्या डीलक्स रिव्हर्ब ॲम्पचं उदाहरण घ्या, त्यात दोन ६व्ही६ ट्यूब आहेत आणि ट्रान्सफॉर्मर ८ ओहमच्या स्पीकरला ट्यूबच्या बाजूनं साधारण ६६०० ओहमचं करून दाखवतो. आता स्पीकरच काढून टाकला तर ट्रान्सफॉर्मरमध्ये साठलेली ऊर्जा जाणार कुठे, ती प्रायमरीवर, म्हणजे ट्यूबकडच्या गुंडाळीवर, हजार-हजार व्होल्टचे झटके बनून उसळते, ट्यूबच्या सॉकेटवर ठिणगी पडते नाहीतर वाइंडिंगचं इन्सुलेशन फाटते.

माझ्याकडे एक पोरगा हेड (स्पीकर नसलेला नुसता ॲम्प) घेऊन आला होता, कॅबिनेटची वायर त्यानं चुकून मिक्सरला सिग्नल द्यायच्या लाइन आउटच्या भोकात लावली, आवाज येत नाही म्हणून व्हॉल्यूम वाढवत गेला, दहा मिनिटं तसाच वाजवत राहिला. ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी तुटली. मोटर वाइंडिंग करणाऱ्या एका दुकानातून ती भरून घेतली, पण त्यांनी आधी पूर्ण प्रायमरी गुंडाळली आणि वरून स्पीकरकडची पूर्ण सेकंडरी, सरळ एकावर एक, त्यामुळे वरचे स्वर गायब, ॲम्पवर घोंगडी टाकल्यासारखा आवाज. मग मी कागदावर थर काढून दिले, थोडी प्रायमरी, थोडी सेकंडरी, पुन्हा प्रायमरी, असं आलटून पालटून, आणि दुसऱ्यांदा भरल्यावर ॲम्प बोलायला लागला. पोराचे दोन महिने त्यात गेले. म्हणून सवय लावून घ्या, आधी स्पीकरची वायर, मग पॉवर.

जुन्या फेंडरच्या मुख्य स्पीकर जॅकमध्ये एक सोय असते, प्लग काढला की तो जॅक स्वतःच आउटपुट शॉर्ट करून टाकतो. ट्यूब ॲम्पला थोडा वेळ शॉर्ट चालते, मोकळं चालत नाही. ट्रान्झिस्टर ॲम्पचं बरोबर उलटं, तो मोकळा राहू शकतो पण शॉर्ट झाला की जातो, आणि ट्रान्झिस्टरवरून ट्यूबवर आलेले लोक नेमके इथेच फसतात.

माझ्या स्पीकरवर काही लिहिलेलं नाही, ओहम कसे ओळखू?

मल्टिमीटर लावा, वायर ॲम्पमधून काढून. मीटर डीसी रेझिस्टन्स दाखवतो, तो लिहिलेल्या आकड्यापेक्षा कमीच येतो. ३ च्या आसपास आला तर ४ ओहमचा स्पीकर, ६ ते ७ आला तर ८ चा, १२-१३ आला तर १६ चा. ६.४ दाखवून राहिला म्हणून स्पीकर खराब आहे असं समजू नका, हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतोच.

दोन-चार स्पीकर असले की ओहम कसे मोजायचे?

सिरीजमध्ये, म्हणजे एकामागून एक जोडले तर, बेरीज होते. पॅरललमध्ये, म्हणजे सगळे त्याच दोन तारांवर, सारखे स्पीकर असतील तर एकाच्या ओहमला स्पीकरच्या संख्येनं भागायचं. जुन्या ॲम्पमध्येच सगळे नमुने सापडतात. फेंडरच्या ट्विन रिव्हर्बमध्ये ८ चे दोन पॅरलल, म्हणजे ४. सुपर रिव्हर्बमध्ये ८ चे चार पॅरलल, म्हणजे २. व्हॉक्स एसी३० मध्ये ८ चे दोन सिरीजमध्ये, म्हणजे १६. मार्शलच्या ४×१२ मध्ये, म्हणजे चार १२ इंची स्पीकरच्या पेटीत, १६ चे चार, दोन-दोनच्या जोड्या करून, आणि शेवटी पुन्हा १६ च. १९५५ च्या तीन स्पीकरच्या बँडमास्टरमध्ये १० इंची, ८ ओहमचे तीन पॅरलल, म्हणजे २.६७, असा विचित्र आकडा कारखान्यातूनच निघायचा.

सिरीजमध्ये एक धोका लक्षात ठेवा. दोनपैकी एका स्पीकरची कॉइल (आतली तारेची गुंडाळी) तुटली की दोन्ही बंद, म्हणजे ॲम्प भाराशिवाय चालू राहिला, वरच्या पोरासारखी गत. पॅरललमध्ये एक गेला तर दुसरा चालत राहतो, फक्त ओहम वाढतात आणि आवाज पडतो. प्रोग्रॅममध्ये वाजवता वाजवता आवाज अचानक गेला तर व्हॉल्यूमला हात लावू नका, आधी स्टँडबायचं बटण पाडा.

ॲम्पवर ८ लिहिलं आहे आणि माझ्याकडे ४ चं किंवा १६ चं कॅबिनेट आहे, चालेल का?

दुपटीपर्यंतचा फरक बहुतेक जुन्या पद्धतीचे ॲम्प सहन करतात, पण दोन्ही दिशा सारख्या नाहीत. त्याच डीलक्स रिव्हर्बला ४ ओहम लावले तर ट्यूबला ६६०० च्या जागी ३३०० दिसतात, करंट जास्त ओढला जातो, ट्यूब लवकर झिजतात, आवाज जरा दबका होतो. १६ लावले तर १३२०० दिसतात, व्होल्टेज जास्त उसळते, आणि पहिल्या प्रश्नात सांगितलेल्या धोक्याच्या बाजूला तुम्ही सरकता. म्हणून अडलंच तर मी खालच्या ओहमकडे जाईन, वरच्याकडे नाही. आणि ॲम्प फुल वाजवणार असाल तर बाप्पा, सरळ जुळवूनच घ्या. फेंडरचा एक्स्टेंशन जॅक मुख्य जॅकला पॅरलल असतो, ८ च्या सोबत ८ लावला की ४, हे गृहीत धरूनच तो दिलेला आहे.

मार्शलसारख्या ॲम्पवर ४-८-१६ चा सिलेक्टर असतो. १६ चे दोन कॅबिनेट लावले तर सिलेक्टर ८ वर. तो ॲम्प चालू असताना फिरवायचा नाही, कधीच नाही.

३० वॉटच्या ॲम्पला ३० वॉटचा स्पीकर पुरते ना?

कागदावर पुरते, हातात पुरत नाही. ट्यूब ॲम्पवर लिहिलेले वॉट स्वच्छ आवाजाचे असतात, तोच ॲम्प पूर्ण फाडून वाजवला की लाट चौकोनी होत जाते आणि जवळपास दुपटीच्या घरात पॉवर निघू शकते. माझा हिशोब दीडपट ते दुप्पट असा आहे, २२ वॉटच्या ॲम्पला ४० वॉटचा स्पीकर, मग झोप शांत लागते.

जुन्या लोकांनी हा नियम पाळला नाही आणि त्यातूनच तो आवाज आला हेही खरं. एसी३० मध्ये सेलेशन या स्पीकर कंपनीचे १५-१५ वॉटचे दोन ब्लू, एकूण ३०, म्हणजे काठावर. मार्शलच्या ४×१२ मध्ये २० वॉटचे चार, एकूण ८०, आणि वर १०० वॉटचं हेड आलं तेव्हा खाली दोन कॅबिनेट लागले. द हू बँडच्या पीट टाउनशेंडनं आधी आठ स्पीकरची एकच पेटी करून मागितली होती, पण ती उचलता उचलता रोडीजचे हाल व्हायला लागले, मग तिचे दोन तुकडे करून एकावर एक ठेवले, तीच आज आपण पोस्टरवर पाहतो ती थप्पी. कमी वॉटचा स्पीकर स्वतः थोडा कण्हतो, कोन, म्हणजे समोरचा कागदी भाग, हलताना त्याचा स्वतःचा रंग आवाजात मिसळतो, त्याला स्पीकर ब्रेकअप म्हणतात. आवडत असेल तर जरूर घ्या, फक्त कॉइल जळायची शक्यता मनात धरून घ्या.

१० इंच का १२ इंच? आणि १५?

या प्रश्नावर मी तासभर बोलू शकतो.

आधी क्षेत्रफळ. १० इंची कोन साधारण ३५० चौरस सेंटिमीटर हवा ढकलतो, १२ इंची ५३०, १५ इंची ८५०. म्हणजे चार १० इंची मिळून १४०० होतात आणि दोन १२ इंची मिळून १०६०. म्हणून ४×१० चा बासमन अंगावर येतो तसा २×१२ येत नाही. आता बासमन हा ॲम्प फेंडरनं बास गिटारसाठी काढला, १९५२ मध्ये त्यात एकच १५ इंची स्पीकर होता, पुढे जेन्सन कंपनीचे चार १० इंची आले, आणि बासवाल्यांपेक्षा गिटारवाल्यांनीच तो उचलून धरला. लंडनच्या हॅनवेलमध्ये जिम मार्शलच्या दुकानात पहिला जेटीएम४५ तयार झाला तो याच बासमनच्या ५एफ६-ए सर्किटवरून, फक्त स्पीकर घातले सेलेशनचे १२ इंची आणि पेटी मागून बंद केली. सर्किट जवळपास तेच असून आवाज दुसऱ्या देशाचा झाला. स्पीकर आणि पेटी किती फरक करतात याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

लहान कोन हलका असतो, पिक लागल्या लागल्या उत्तर देतो, कंट्री आणि फंकी रिदमला मस्त. १२ इंचीत मधले स्वर भरतात, सोलो गातो. १५ इंची गिटारला कमी लोक वापरतात, पण १९६४ च्या व्हायब्रोव्हर्बमध्ये तोच होता, त्याच्या आदल्या वर्षी त्यातच दोन १० इंची होते. ८ इंची म्हणजे फेंडरचा चॅम्प, ५ वॉट, खोलीत वाजवायला आणि रेकॉर्डिंगला.

दुसरी गोष्ट बीमिंगची, ती आपल्याकडे फार कमी लोक लक्षात घेतात. ११०० हर्ट्झच्या आसपास ध्वनिलहरीची लांबी ३० सेंटिमीटर होते, म्हणजे १२ इंची स्पीकरएवढी, आणि त्याच्या वरचे स्वर टॉर्चच्या झोतासारखे सरळ समोर जायला लागतात. तुम्ही उभे, ॲम्प पायाशी, तुमच्या कानाला ट्रेबल पोचतच नाही, तुम्ही नॉब वाढवता आणि पहिल्या रांगेत बसलेल्या काकांच्या कानात सुया टोचतात. ॲम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे झुकवा, मोठ्या फेंडरना त्यासाठीच बाजूला पाय दिलेले असत. नागपूरच्या देशपांडे हॉलसारख्या मोठ्या जागी तर ॲम्प कमी ठेवून माइक लावणंच बरं.

ओपन बॅक का क्लोज्ड बॅक?

ओपन बॅकमध्ये कोनच्या मागचा आवाजही बाहेर येतो, तो पुढच्याच्या उलट फेजमध्ये असतो (पुढे हवा ढकलली जाते तेव्हा मागे ओढली जाते), म्हणून खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात पण आवाज खोलीभर पसरतो. भिंतीला चिकटवू नका, फूट-दीड फूट जागा सोडा, सरकवून सरकवून ऐका, फरक लगेच कळतो. क्लोज्डमध्ये आतली हवा स्प्रिंगसारखी काम करते, बास घट्ट आणि झोत समोर. बाराही महिने घरातच वाजवायचं असेल तर मी ओपन बॅक सांगतो.

सेन्सिटिव्हिटीचा आकडा पाहायचा काहून?

कारण आवाज किती मोठा होणार हे वॉटपेक्षा तोच जास्त ठरवतो. १ वॉट दिला आणि १ मीटरवर मोजला तर स्पीकर किती डेसिबल देतो, तो हा आकडा. ३ डेसिबल वाढले म्हणजे ॲम्पची पॉवर दुप्पट केल्यासारखं. म्हणजे १०० डेसिबलच्या स्पीकरवर १५ वॉटचा ॲम्प, ९७ च्या स्पीकरवरच्या ३० वॉटएवढा वाजतो. सेलेशन ब्लू १०० चा आहे, त्याच कंपनीचा २५ वॉटचा ग्रीनबॅक ९८ च्या आसपास. ड्रमरसमोर ॲम्प कमी पडून राहिला तर नवीन ॲम्प घेण्याआधी स्पीकर बदला, आणि फ्लॅटमध्ये शेजारचे रोज बेल वाजवत असतील तर कमी सेन्सिटिव्हिटीचा शोधा. त्यातून पूर्ण सुटका होणार नाही, ३ डेसिबल कानाला थोडेच वाटतात, आवाज अर्धा वाटायला १० लागतात.

ॲल्निको का सिरॅमिक?

ॲल्निको म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट. ते महाग पडते म्हणून सिरॅमिक पसरलं, तरी ग्रीनबॅक सिरॅमिकच आहे आणि त्याच्यावर अर्धा रॉक उभा आहे. जेन्सनच्या नावातच उत्तर असते, पी१२आर मधला पी म्हणजे ॲल्निको, सी१२एन मधला सी म्हणजे सिरॅमिक. मला स्वच्छ आवाजात ॲल्निकोची घंटी आवडते. पण कोनचा कागद, कॉइलचा आकार आणि पेटी यांचा वाटा मोठा आहे, त्यामुळे फक्त मॅग्नेट पाहून दुप्पट पैसे देऊ नका.

डीजे किंवा पीएचा (कार्यक्रमाच्या साउंड सिस्टिमचा) १२ इंची स्पीकर स्वस्तात मिळून राहिला, लावू का?

बिघडणार काही नाही, ओहम जुळत असतील तर. पण आवडणार नाही. गिटारचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या आसपास हात आखडता घेतो आणि ट्यूबच्या डिस्टॉर्शनमधली करकर तिथेच गाळली जाते. पीएचा कोन जाड आणि सस्पेन्शन मऊ, तो खोल बाससाठी बनवलेला असतो, त्यात गिटार वाजवली की मधल्या स्वरांची जान जाते. ट्वीटर असलेला डबा तर नकोच, त्यातून डिस्टॉर्शन म्हणजे माशांचा घोंगाट.

सीताबर्डीकडे डीजेवाल्यांचे स्पीकर दुरुस्त करणारे कारागीर आहेत, त्यांचा हात चांगला असतो, पण जुना जेन्सन त्यांच्याकडे कोन बदलायला दिला तर ते हाताशी असेल तो जाड पीएचा कोन चिकटवतील. कोन नुसता फाटला असेल तर पातळ टिश्यू पेपर आणि पातळ केलेला पांढरा फेव्हिकॉल लावून वाचवा.

दोन वेगळे स्पीकर एका पेटीत चालतात का?

चालतात आणि छान वाजतात. ओहम सारखे ठेवा. पॅरललमध्ये ८ आणि १६ लावले तर ८ चा स्पीकर दोन तृतीयांश पॉवर घेऊन जातो. सेन्सिटिव्हिटीत तीनपेक्षा जास्त फरक नको, नाहीतर एकच बोलतो. आणि वॉटचा हिशोब सगळ्यात कमजोर स्पीकरवरून करा.

फेज मात्र तपासाच. पेन्सिल सेल घ्या, स्पीकरच्या टर्मिनलला क्षणभर टेकवा, कोन बाहेर आला तर सेलचा प्लस जिथे टेकला तेच प्लस. जुने जेबीएल उलटे असतात, तिथे फसू नका. एक स्पीकर उलटा लागला की बास नाहीसा होतो आणि लोक ॲम्प उघडून कपॅसिटर बदलत बसतात.

गिटारची केबल स्पीकरला वापरली तर?

नको. ती आतून बारीक असते, तापते, कधी आतल्या आत तुटते, आणि तुटली की पुन्हा तोच पहिला प्रश्न. घराच्या वायरिंगची १.५ स्क्वेअर एमएमची दोन तारांची वायर कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते, दोन चांगले प्लग लावा, झालं.

पेटी नागपुरात बनवता येईल का? कोणतं लाकूड?

येते, मी चार बनवल्या. लकडगंजात जा, पण सुताराला फर्निचरची भाषा सांगू नका, नाहीतर तो सनमायका लावून देईल. जुने फेंडर पाइनचे होते, हलके, पेटी स्वतः थोडी गुणगुणते. मार्शल बर्च प्लायचे, कडक. आपल्याकडे पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन मिळते, वाळलेलं आणि कमी गाठींचं निवडा, किंवा १८ एमएमची चांगली प्लाय. सागाचा मोह आपल्या विदर्भात सगळ्यांना होतो, मला त्याची पेटी नुसती जड वाटली. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड नको, पावसाळ्यात कोपरे फुगतात.

१२ इंचीसाठी भोक साधारण २८० ते २८३ मिलिमीटरचं, पण स्पीकर हातात घेऊन मोजल्याशिवाय कापू नका. बोल्ट बसवायला टी-नट वापरा, लाकडी स्क्रू चार वेळा काढला की धरत नाही. आणि स्पीकर आवळताना समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे, एकदम एक बाजू आवळली की फ्रेम वाकते आणि कॉइल घासते.

आजोबांच्या व्हॉल्व्ह रेडिओचा गिटार ॲम्प करता येते का, त्याच स्पीकरसह?

काही रेडिओंचा येते. ईएल८४ व्हॉल्व्ह असलेला, पॉवर ट्रान्सफॉर्मर असलेला सेट असेल तर आतलं आउटपुट चॅम्पच्या जवळपास जाते, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर त्याच्याच स्पीकरसाठी बांधलेला असल्यानं ओहम आपोआप जुळतात. बीईएलचे (भारत इलेक्ट्रॉनिक्सचे) ईएल८४ अजून जुन्या लोकांकडे निघतात. स्पीकर मात्र नाजूक, फुल व्हॉल्यूम नको.

पण व्हॉल्व्हची नावं यू नं सुरू होत असतील, यूएल८४, यूसीएच८१ अशी, तर हात लावू नका. त्यात पॉवर ट्रान्सफॉर्मर नसते, चासी (आतली धातूची चौकट) सरळ २३० व्होल्टच्या लाइनला जोडलेली असू शकते, आणि गिटारच्या तारा म्हणजे तुमची बोटं. आणि कोणताही ट्यूब ॲम्प उघडला तर आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३००-४०० व्होल्ट राहतात, ज्याला ते उतरवता येतात त्यालाच उघडू द्या.

जुन्या स्पीकरवरचा आकडा कसा वाचायचा?

अमेरिकन स्पीकर असेल तर फ्रेमवर छापलेला आकडा पहा. पहिले आकडे कंपनीचे, २२० जेन्सन, ४६५ ऑक्सफर्ड, १३७ सीटीएस, ३२८ युटा, ६७ एमिनन्स. मग वर्ष, मग आठवडा. २२०६३९ म्हणजे जेन्सन, वर्ष ६ नं संपणारं, ३९ वा आठवडा. ते १९५६ का १९६६ हे ॲम्पवरून ठरवायचं. मूळ स्पीकर बदलला तरी फेकू नका, विकताना त्याच्यामुळे भाव टिकतो, डब्यात घालून ठेवा.

उन्हाळ्यात काही वेगळी काळजी?

मे मध्ये पारा ४५ च्या वर जातो, गच्चीवरच्या प्रोग्रॅममध्ये ॲम्प आधीच तापलेला असते. तांब्याची कॉइल १०० अंशांनी तापली तर तिचा रेझिस्टन्स जवळपास ४० टक्के वाढतो, म्हणून दीड तासानं आवाज दबल्यासारखा वाटते आणि लोक व्हॉल्यूम आणखी वाढवतात, तिथेच कॉइल जळते. ॲम्पच्या मागे टेबल फॅन लावा, दोन गाण्यांच्या मधे स्टँडबायवर टाका, आणि बंद कारमध्ये दुपारी ठेवू नका, डिंक सुटतो. पावसाळ्यात कोनचा कागद ओल धरतो, फरशीवरून उचलून स्टूलवर ठेवा आणि आठवड्यातून दोनदा तरी अर्धा तास वाजवा.